जात्यावरची ओवी आणि संगणकाची भाषा

श्रोतेहो, मांजरसुंब्याहून केजच्या वाटेला लागले की नेकनूर येते. बीड तालुक्यातले हे बाजाराचे गाव. तिथल्या एखाद्या पिठाच्या गिरणीपुढे घटकाभर उभे राहा. दळणाचे डबे रांगेत मांडलेले असतात आणि बायका आपापल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या असतात. त्यांत सत्तरी ओलांडलेली एखादी आजी दिसली, तर तिला हळूच विचारा, "आजी, तुमच्या लहानपणी दळण कुठं व्हायचं?" ती हसेल आणि म्हणेल, "घरीच की रे बाबा. कोंबडा आरवायच्या आत उठायचं अन् जात्याला बसायचं." जरा आग्रह केलात तर ती एखादी ओवीही म्हणू लागेल. पण बहुधा एक ओळ म्हणून थांबेल. "जातं फिरल्याबिगर पुढचं आठवत नाही बघ," असं सांगेल.

आजच्या भाषणाचा सगळा विषय या एका वाक्यात आला आहे. त्या आजीची ओवी वहीत नव्हती. ती हातात होती, खुंट्याच्या फेऱ्यात होती, शेजारी बसलेल्या जावेच्या आवाजात होती. गिरणी आली तेव्हा बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले आणि ते चांगलेच झाले. पहाटे उठून पायलीभर जोंधळे दळणे काही सुखाचे काम नव्हते. पण ओझ्याबरोबर ओवीही उतरली. आता प्रश्न असा की, जी विद्या कागदावर कधीच नव्हती, केवळ आवाजात होती, ती राखायची कशी? आणि राखायला यंत्र वापरायचे, तर त्या यंत्राला सांगायचे कोणत्या भाषेत?

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? मोबाईल काढावा आणि आवाज भरून घ्यावा. खरे आहे. पण आवाज भरून घेणे हे पेवात धान्य टाकण्यासारखे आहे. कोणते धान्य, कुणाच्या शेतातले, कधी टाकले, हे लिहिले नाही आणि हवे ते काढण्याची वाट ठेवली नाही, तर पेव असून नसल्यासारखेच. म्हणून आवाजावर काम करणारी साधने बनवावी लागतात आणि ती साधने बनवण्यासाठी खास भाषा घडवाव्या लागतात. ही कारागिरी कशी चालते ते आज पाहू.

आधी मुळापासून सुरुवात करू. आवाज म्हणजे काय? तंबोऱ्याची तार छेडा. तार थरथरते, तिच्यामुळे भोवतालची हवा थरथरते आणि ती थरथर कानाच्या पडद्यावर येऊन आदळते. आता संगणकाला ना कान, ना पडदा. त्याला कळतात फक्त आकडे. मग हवेची थरथर आकड्यांत कशी आणायची? समजा विहिरीच्या पाण्यात खुणा केलेली काठी उभी केली आहे आणि पाणी हिंदकळते आहे. एकजण ठरावीक वेळाने पाण्याची उंची वाचतो आणि दुसरा ती लिहून घेतो. पुरेशा झपाट्याने लिहीत गेले, तर नुसत्या आकड्यांवरून ती लाट पुन्हा जशीच्या तशी काढता येते. ध्वनीचेही तसेच. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते. कोणतेही कंपन नीट टिपायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते, असा शास्त्राचा नियम आहे. म्हणून गाण्याच्या सीडीसाठी एका सेकंदात ४४,१०० मोजमापे घेण्याचे ठरले, आणि प्रत्येक मोजमापाला ६५,५३६ पायऱ्यांची काठी दिली.

गुरुजी, हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घेण्यासारखा आहे. एका मोजमापाला २ बाइट, डावा-उजवा मिळून ४. एका सेकंदाला ४४,१०० गुणिले ४, आणि मिनिटाला त्याच्या ६० पट. उत्तर येते १,०५,८४,००० बाइट. म्हणजे एका मिनिटाच्या गाण्याला कोटीभर बाइट लागतात!

आवाजाचे आकडे करता येतात, तर उलटेही करता येईल का? आकडे लिहून आवाज काढता येईल का? हा विचार अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज नावाच्या अभियंत्याला सुचला. १९५७ साली त्याने 'म्युझिक' नावाची आज्ञावली लिहिली आणि खोलीभर पसरलेल्या आयबीएम ७०४ या यंत्राकडून १७ सेकंदांची एक धून करवून घेतली. ती धून काही मोठी गोड नव्हती. पण तिच्यामागची कल्पना फार मोलाची होती. प्रत्येक सेकंदाचे हजारो आकडे माणसाने लिहायचे म्हटले तर जन्म पुरणार नाही. म्हणून माणसाने थोडक्यात सांगायचे, 'अमुक सूर, अमुक वेळ, अमुक जोर', आणि आकडे काढण्याची हमाली यंत्राने करायची. या थोडक्यात सांगण्याच्या रीतीलाच ध्वनीची आज्ञाभाषा म्हणायचे.

पुढे १९८६ च्या सुमारास एमआयटी या संस्थेत बॅरी व्हर्को यांनी 'सी-साउंड' नावाची भाषा तयार केली. तिची मांडणी आपल्या ओळखीची वाटेल. तिच्यात दोन भाग असतात. पहिल्या भागात वाद्य कसे आहे ते लिहायचे: तार किती वेळ झणझणते, आवाज झपकन चढतो की हळूहळू, वगैरे. दुसऱ्या भागात गत लिहायची: केव्हा, कोणता सूर, किती वेळ. म्हणजे एकीकडे वाद्य घडवणारा कारागीर आणि दुसरीकडे वाजवणारा कलावंत. वाद्य एकदा घडवले की त्यावर शंभर गती वाजवा. फ्रान्समध्ये लिऑन येथील ग्राम या संस्थेत २००२ पासून 'फाउस्ट' नावाची भाषा घडत गेली. तिच्यात तर ध्वनीचे गणित गणिताच्याच रूपात लिहायचे, आणि त्यावरून जलद चालणारी आज्ञावली यंत्रच बनवून देते.

पण श्रोतेहो, ध्वनीच्या साधनांना एक फार कडक शिस्त पाळावी लागते, आणि ती वेळेची. हिशेबाच्या कामात यंत्राने उत्तर दोन सेकंद उशिरा दिले तर बिघडत नाही. गाण्यात बिघडते. ध्वनीचे आकडे लहान लहान खेपांनी पोहोचवायचे असतात. एका खेपेत २५६ आकडे धरले, तर ती खेप सेकंदाच्या हजार भागांतल्या जेमतेम सहा भागांत वाजून संपते. तेवढ्यात पुढची खेप हजर पाहिजे. नाही आली, तर कानाला 'कड्' असा आवाज येतो. मोटेचे पाणी दंडाने चालले आहे आणि मध्येच मोट रिकामी वर आली, तर दंड कोरडा पडतो, तसेच हे. त्यामुळे असली साधने बनवणारा माणूस पहिल्यापासून घड्याळावर नजर ठेवून असतो.

इथवर यंत्राची गोष्ट झाली. आता आपल्या मातीतली गोष्ट सांगतो.

१९८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स किपन नावाचे एक अभ्यासक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. तबल्यात कायदा नावाचा प्रकार असतो, हे तुमच्यापैकी कित्येकांना माहीत असेल. एक मूळ बोलसमूह घ्यायचा आणि त्याचे पलटे करीत जायचे. पलटे किती करता येतील? हजारो. त्यांतले बरोबर किती? ते उस्तादांनाच ठाऊक. उस्ताद ऐकतात आणि सांगतात, हे चालेल, हे चालणार नाही. का चालणार नाही, हे मात्र दरवेळी त्यांनाही शब्दांत सांगता येत नाही. आपण मराठी बिनचूक बोलतो, पण व्याकरणाचा नियम विचारला की डोके खाजवतो, तशातलाच हा प्रकार.

किपन यांच्या जोडीला बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच संगणकतज्ज्ञ होते. या दोघांनी मिळून एक साधन तयार केले आणि त्याचे नाव ठेवले 'बोल प्रोसेसर'. ते ॲपल-२ जातीच्या छोट्या यंत्रावर चालत असे. त्या काळी तबल्याच्या बोलांना समजेल असे यंत्र कुठेही तयार मिळत नव्हते, म्हणून त्यांनी बोलांचीच भाषा केली. कळपाटीच्या एकेका कळीला एकेक बोल नेमून दिला आणि बोलांचे नियम लिहिण्याची रीत ठरवली.

ही रीत समजायला एक साधा खेळ करू. शिकाऊ मुलाला पहिल्याप्रथम शिकवतात तो कायदा घ्या: 'धाधा तेटे धाधा तूना, ताता तेटे धाधा धीना.' पहिला अर्धा भाग भरीचा, दुसरा खालीचा. आता यंत्राला पहिला नियम सांगू, की खालीच्या घरात 'धा'चा 'ता' होतो. एवढा एक नियम दिला की खालीचे बोल निराळे लिहावे लागत नाहीत, यंत्र ते भरीवरून काढते. दुसरा नियम असा, की ओळीत चार-चार बोलांचे चार तुकडे आहेत. शेवटचा 'धाधातूना' ठरलेला. आधीच्या तिन्ही जागी 'धाधातेटे', 'तेटेधाधा' किंवा 'धातेटेधा' यांपैकी कोणताही तुकडा बसवावा. किती ओळी झाल्या? तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७. आता या सत्तावीस ओळी जाणकारापुढे म्हणून दाखवा. समजा तो म्हणाला, "तिसऱ्या जागी 'तेटेधाधा' नको. पुढे लगेच 'धाधातूना' येतं. चार 'धा' एकापाठोपाठ पडतात, बोल जड होतो." झाले, आपल्याला नवा नियम मिळाला. आता तिसऱ्या जागी दोनच तुकडे उरले. तीन गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे १८ ओळी.

हा आपला खेळ झाला. किपन आणि बेल यांचे काम याच वाटेने, पण फार खोलवर गेले होते. यंत्राने नियमांवरून पलटे काढायचे, उस्तादांनी ते तपासायचे, चुकले की माणसाने नियम सुधारायचे, आणि पुन्हा यंत्राला पुढे करायचे. ध्यानात घ्या, इथे यंत्र गुरू नव्हते. ते शिष्य होते, आणि फार आज्ञाधारक शिष्य होते. दिलेला नियम अक्षरशः पाळायचे, म्हणूनच नियमातली खोट लगेच उघडी पडायची. जे ज्ञान उस्तादांच्या बोटांत होते, त्याचा थोडासा भाग अशा रीतीने कागदावर उतरला. किपन यांचे लखनौच्या तबल्यावरचे पुस्तक १९८८ साली प्रसिद्ध झाले. बोल प्रोसेसरची पुढची रूपे आजही उपलब्ध आहेत. ती सर्वांना मोफत आहेत, त्यांची आतली रचना खुली आहे आणि सी-साउंडच्या साहाय्याने ती आवाजही काढतात.

आता हे बर्नार्ड बेल आपल्या मराठवाड्यातल्या ओवीपर्यंत कसे पोहोचले, ते ऐका.

मूळचे फ्रान्सचे पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी पुण्याच्या एका समाजशास्त्रीय संशोधन केंद्रामार्फत जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले होते. गावोगावी जायचे, बायांच्या शेजारी बसायचे आणि ओव्या उतरवून घ्यायच्या. काम मुळशीच्या डोंगरपट्ट्यापासून वाढत वाढत महाराष्ट्रभर गेले. हजारावर गावे, तीन हजारांवर गाणाऱ्या बाया आणि लाखाहून अधिक ओव्या! नव्वदीच्या दशकात बेल या कामात सामील झाले आणि उतरवून घेतलेल्या ओव्यांना आवाजाची जोड मिळाली. शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात आपला बीड जिल्हाही आहे. माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्या १९९६ साली तिथेच जाऊन भरून घेतल्या आहेत. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या बायांनी आपला इतिहास असा गाऊन ठेवला. नेकनूरच्या शिवेपासून माजलगाव ते किती लांब? एकाच जिल्ह्यातली ही माणसे.

आता साधनाचा प्रश्न पाहा. लाख ओव्या कागदावर आहेत, त्यांतल्या काहींचा आवाज फितीवर आहे. कुणी विचारले, "भावावरच्या ओव्या दाखवा," तर कशा काढायच्या? म्हणून प्रत्येक ओवीची नोंद करावी लागते: गाव, तालुका, जिल्हा, गाणारीचे नाव, विषय. आई-मुलगी, भाऊ-बहीण, सासर, विठ्ठल, सीतेचा वनवास, भीमराव, अशा विषयांची झाडासारखी फांद्याफांद्यांची वर्गवारी पॉइतवाँ आणि राईरकर यांनी बसवली. मग आवाजाचा दुवा लावायचा, की ही ओवी अमक्या फितीवर, अमक्या सेकंदापासून तमक्या सेकंदापर्यंत आहे. आणि इथे एक गोम आहे. सांगितलेली ओवी दोन ओळींची असते, पण गायिलेली ओवी तशी नसते. बाई एखादा शब्द परत घेते, मध्ये 'गं बाई' घालते, अर्धी ओळ जोडीदारीण उचलते. यंत्राला जर वाटले की आवाजातले शब्द कागदाबरहुकूम असलेच पाहिजेत, तर ते प्रत्येक ओवी चुकीची ठरवील. म्हणजे साधन बनवणाऱ्याला यंत्र कळून भागत नाही. त्याला जात्याजवळ बसावे लागते.

२०१७ पासून हा सारा ठेवा 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संग्रहामार्फत लोकांसमोर येतो आहे. पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. गाणाऱ्या बायांपैकीही पुष्कळ जणी आज हयात नाहीत. पण आवाज आहेत. आपण मघा हिशेब केला, त्याच मापाने १२० तासांचे गाणे धरले तर सुमारे ७६ अब्ज बाइट होतात. पूर्वी एवढ्या आकड्यांना कपाट लागले असते. आज ते नखाएवढ्या कार्डावर मावतात. जागेचा प्रश्न मिटला आहे. प्रश्न उरला आहे तो समजेचा.

समजेचा म्हणजे काय? त्यासाठी रेडिओच्याच इतिहासातली एक गोष्ट सांगतो. आकाशवाणीवर १९४० सालापासून हार्मोनियमला बंदी होती, आणि १९७१ मध्ये ती काही प्रमाणात उठली. तुम्ही विचाराल, भजनाची बिचारी पेटी, तिने काय गुन्हा केला? आक्षेप असा होता, की पेटीचे बारा सूर ठरलेले, एकाला एक चिकटून न जाणारे. तिच्यावर मींड निघत नाही, आणि तिचे काही सूर गळ्याच्या सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत. हिशेबाने पाहू. सा जर २४० कंपनांवर धरला, तर तंबोऱ्याच्या जवारीत घुमणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांवर येतो. सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीचा गंधार येतो सुमारे ३०२.४ वर. फरक दोन-अडीच कंपनांचा. हे दोन सूर एकदम लावले तर कानाला सेकंदाला दोन-अडीच वेळा हेलकावा जाणवतो. बंदी योग्य होती का, यावर भांडण होऊ शकते. पेटीने गावोगावच्या भजनी मंडळांना आधार दिला, हेही तितकेच खरे आहे. पण मुद्दा ध्यानात ठेवा. साधन बनवणाऱ्याने जी मापे साधनात घातली, ती वापरणाऱ्याच्या गळ्यात उतरतात.

पेटीचे जे झाले, ते संगणकाच्या साधनांचेही होऊ शकते. १९८३ साली वाद्ये आणि यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून 'मिडी' नावाचा करार झाला. त्यात सुरांना ० ते १२७ असे आकडे आहेत आणि सप्तकाला बारा घरे आहेत. मधली जागा दाखवायची तर निराळी खटपट करावी लागते. १९९७ मध्ये 'ऑटो-ट्यून' नावाचे साधन आले. ते घडवणारे अँडी हिल्डब्रँड आधी भूगर्भातले तेल शोधण्यासाठी जमिनीतून परतणाऱ्या लहरींचा अभ्यास करीत असत. तेच गणित त्यांनी गळ्याला लावले. गाणाऱ्याचा सूर घसरला की हे साधन त्याला जवळच्या ठरलेल्या सुरावर नेऊन बसवते. पण आपल्याकडे गंधार आंदोलत असतो, ओवीतला सूर जात्याच्या फेऱ्याबरोबर कलतो. ती चूक नव्हे, तोच तर जीव. ज्याने हे कधी ऐकलेच नाही, त्याच्या यंत्राला हा जीव म्हणजे दोष वाटणार आणि ते तो दुरुस्त करणार!

म्हणून आपल्या गाण्याला आपले माप लावणारी साधने हवीत. तसे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, १९८० नंतर बेल यांनी गळ्याची चाल मोजणारे उपकरण वापरून रागांच्या सुरांचा अभ्यास केला. पुढे त्याच केंद्रात सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी गाणे चालू असताना सुराची रेघ डोळ्यांपुढे धावताना दिसावी, अशी रीत बसवली. त्या रेघेत मींड मींडेसारखीच दिसते. तिला तोडून बारा घरांत बसवलेले नसते.

हे सगळे शहरांतले आणि मोठ्या संस्थांतले झाले. नेकनूरच्या शाळेत काय करता येईल? गुरुजी, बाई, हे शेवटचे तुमच्यासाठी आहे.

एक, 'ऑडॅसिटी' नावाचे साधन घ्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते सुरू झाले आणि २००० साली लोकांना खुले झाले. ते मोफत मिळते. त्यात आवाज भरला की पडद्यावर लाट दिसते. मुलांना आपल्या नावाची लाट दाखवा. 'आ' म्हटल्यावर लाट पुन्हा पुन्हा तशीच येते आणि 'स' म्हटल्यावर तिचा काही मेळच लागत नाही, हे त्यांना स्वतः पाहू द्या. स्वर आणि व्यंजन यांचा धडा त्या दिवशी वेगळ्या तऱ्हेने समजेल.

दोन, संगणक असेल तर 'सॉनिक पाय' नावाची भाषा दाखवा. केंब्रिजमध्ये सॅम आरन यांनी २०१२ पासून ती शाळेतल्या मुलांसाठीच घडवली. तिच्यात 'प्ले ६०' असे लिहिले की एक सूर वाजतो, आणि 'स्लीप १' म्हटले की यंत्र एक मात्रा थांबते. मुले विचारतील, "यंत्राला इंग्रजीच का कळतं?" त्यांना सांगा, यंत्राला इंग्रजी कळत नाही आणि मराठीही कळत नाही. त्याला आकडे कळतात. 'प्ले' हा शब्द म्हणजे कुणीतरी केलेला करार आहे. उद्या तुमच्यातल्या एखाद्या मुलीने 'वाजव' आणि 'थांब' असा करार लिहिला, तर यंत्राची काही तक्रार नाही.

तीन, आणि हे सर्वांत निकडीचे. प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या किंवा आळीतल्या एका म्हाताऱ्या माणसाची एक ओवी, एक भारूड, एक पाळणा भरून आणावा. पण आधी त्यांना विचारावे. "आजी, हे मी शाळेत ऐकवू का? तुमचं नाव सांगू का?" आजीने नको म्हटले तर नको. आवाज तिचा आहे. हो म्हटले, तर वहीत नाव, गाव, तारीख, काय गाइले आणि केव्हा गातात, एवढे लिहावे. नोंद नसलेला आवाज दहा वर्षांनी मुका होतो. शक्य असेल तर अडगळीतले जाते बाहेर काढावे, धुऊन मांडावे आणि खुंट्याला आजीचा हात लागू द्यावा. आरंभी सांगितले ते आठवते ना? जाते फिरल्याबिगर पुढचे आठवत नाही.

ऊसतोडीला आई-बाप गेले की मागे आजीजवळ राहणारी मुले आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. संध्याकाळी त्या घरात दोनच माणसे असतात, एक ऐकणारे आणि एक सांगणारे. त्या मुलाला आपण वही आणि थोडी समज दिली, तर ते घर म्हणजे एक लहानसे ध्वनिमुद्रण केंद्रच होईल. त्यांतलेच एखादे मूल पुढे यंत्राची भाषा लिहायला बसेल, तेव्हा त्याच्या कानात ओवी असेल. आणि मग त्याचे साधन ओवीला चूक म्हणणार नाही.

श्रोतेहो, ऐकण्याचे काम मात्र उद्यावर टाकू नका. भाषा शिकायला पुढे वर्षे आहेत. आजीचे आजच आहे.